मायामी आपली कधीपासून झाली?

१९ जानेवारी २०२६ची रात्र. संक्रांतीच्या हळदीकुंकवातून उरलेल्या तिळाच्या वड्यांचा डबा मधे ठेवून आम्ही सात-आठ जण बेसमेंटमध्ये कॉलेज फुटबॉलची फायनल बघत बसलो होतो. सामना मायामीतच, हार्ड रॉक स्टेडियमवर. इंडियाना २७, मायामी २१. शेवटचं मिनिट, चेंडू मायामीकडे. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, कार्सन बेकने तो लांबवर फेकला आणि इंडियानाच्या जमारी शार्पने तो मधेच पकडला. खेळ खलास. माझ्या तोंडून "अरेरे" निघून गेलं, तशी लेक वडी चघळत म्हणाली, "बाबा, मायामी आपली कधीपासून झाली?"

प्रश्न रास्त होता. आम्ही राहतो नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावात. लेक शिकते रॅलीच्या नॉर्थ कॅरोलायना स्टेटमध्ये. इथून मायामीला गाडीने निघालं तर अख्खा दिवस जातो. मी म्हटलं, "अगं, एकाच कॉन्फरन्समध्ये आहोत ना आपण." त्यावर ती नुसती हसली. गेले काही महिने इथल्या खेळाच्या वर्तुळात जे ठामपणे बोललं जातंय, 'मायामी परत आली, आता एसीसीचेही दिवस पालटणार', त्याचा सगळा कच्चेपणा मला त्या हसण्यात दिसला.

भारतातल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. हा फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचा, फेकायचा अमेरिकन फुटबॉल. अमेरिकेत विद्यापीठांचे फुटबॉल संघ एका देशव्यापी लीगमध्ये खेळत नाहीत. दहा-बारा ते अठरा विद्यापीठं मिळून एक कॉन्फरन्स करतात. टीव्हीचे हक्क एकत्र विकायचे, आलेले पैसे वाटून घ्यायचे, बहुतेक सामने आपापसात खेळायचे. सहकारी सोसायटीच म्हणा, फक्त उलाढाल अब्जावधी रुपयांची. एसीसी, म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, १९५३ साली सात विद्यापीठांनी ग्रीन्सबरोजवळच्या एका हॉटेलात बसून स्थापली. आज तिच्यात फुटबॉल खेळणारे सतरा सभासद आहेत आणि त्यातले स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया चक्क पॅसिफिकच्या किनाऱ्यावर आहेत. नाव अटलांटिकचं ते अटलांटिकचंच.

या सोसायटीची गेली काही वर्षं कशी गेली? टीव्हीचा करार २०३६ पर्यंत बांधून घेतलेला, तोही भाव चढायच्या आधीचा. २०२३-२४ साली एसीसीच्या पूर्ण वाटा घेणाऱ्या सभासदाला साधारण साडेचार कोटी डॉलर मिळाले. दक्षिणेतल्या एसईसी या कॉन्फरन्सीत तोच आकडा सव्वापाच कोटींच्या आसपास, मध्य-पश्चिमेतल्या बिग टेनमध्ये सहा कोटींच्या वर. बिग टेनपेक्षा दरवर्षी दीड-पावणेदोन कोटी डॉलर कमी मिळत असतील तर प्रशिक्षक, मैदान, आहार, आता तर खेळाडूंचे पगारसुद्धा, सगळीकडे ती तूट दिसते. त्यातून घरात भांडणं लागली. डिसेंबर २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेटने स्वतःच्याच कॉन्फरन्सवर खटला भरला, मार्च २०२४ मध्ये क्लेम्सनने भरला. कमावते भाऊ वाटणी मागायला लागले.

मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली. टीव्हीच्या पैशातला ६० टक्के भाग आता ज्याचे सामने जास्त बघितले जातात त्याला जास्त, असा वाटला जातो. उरलेले ४० टक्के सगळ्यांना सारखे. आणि कोणाला सोडून जायचं असेल तर दंड दरवर्षी कमी होत जाणार: २०२५-२६ला साडेसोळा कोटी डॉलर, २०३०-३१ला साडेसात कोटी. हे साल पुढे लागेल, लक्षात असू द्या.

अशा घरात मायामीचा संघ परत उभा राहिला. तोही कुठून उठून! ७ ऑक्टोबर २०२३ची गोष्ट. याच हार्ड रॉक स्टेडियमवर मायामी जॉर्जिया टेकविरुद्ध २०-१७ने पुढे होती. जेमतेम अर्धं मिनिट उरलं होतं आणि टेककडे घड्याळ थांबवायला एकही टाइमआउट नव्हता. क्वार्टरबॅकने चेंडू घेऊन गुडघा टेकवला की खेळी तिथेच थांबते, घड्याळ पळत राहतं आणि संपलं, शाळेतल्या पोरांनाही कळतं. मायामीने गुडघा टेकवला नाही. चेंडू घेऊन पळायला गेले, तो हातातून निसटला, टेकने उचलला आणि एक सेकंद उरलेला असताना सहा गुणांचा टचडाउन केला. २३-२०. प्रशिक्षक मारिओ क्रिस्टोबाल हा मायामीचाच मुलगा, १९८९ आणि १९९१च्या विजेत्या संघांत स्वतः खेळलेला. त्या रात्री गावातल्या लोकांनी त्याला काय काय म्हटलं असेल ते इथे लिहिण्यासारखं नाही. पहिल्या वर्षी ५ विजय, दुसऱ्या वर्षी ७, तिसऱ्या वर्षी १० आणि चौथ्या वर्षी १३. त्याच मैदानावर सव्वादोन वर्षांनी तो राष्ट्रीय फायनल खेळत होता.

आता मुद्द्यावर येतो. एक संघ वर आला की कॉन्फरन्स वर येते, हे गृहीतच मला मान्य नाही. येऊ शकते, पण आपोआप येत नाही. आणि एसीसीइतका याचा अनुभव कोणाच्याच गाठीशी नसेल.

२००४ साली एसीसीने मायामीला आणलं ते नेमकं याचसाठी. तेव्हा मायामी म्हणजे पाच राष्ट्रीय विजेतेपदांचं घर, शेवटचं २००१चं. हिशेब सोपा होता: एका बाजूला फ्लोरिडा स्टेट, दुसऱ्या बाजूला मायामी, डिसेंबरात दोघांची विजेतेपदाची लढत, सगळा देश टीव्हीसमोर. ती लढत आजतागायत झालेली नाही. एवढंच काय, मायामीने फुटबॉलमध्ये एसीसीचं विजेतेपद आजवर एकदाही जिंकलेलं नाही. एकदाच, २०१७ मध्ये, अंतिम सामन्यापर्यंत पोचली आणि क्लेम्सनकडून ३८-३ने हरली.

मग क्लेम्सनने तरी काय कमी केलं? प्रशिक्षक डॅबो स्विनीच्या संघाने २०१६ आणि २०१८ असं दोनदा देश जिंकला, दोन्ही वेळा अलाबामाला हरवून. २०१५ ते २०२० ओळीने सहा वर्षं एसीसीही जिंकली. त्या सहा वर्षांत एसीसी वर आली का? उलट झालं. 'क्लेम्सन आणि बाकीचे' अशी तिची ओळख पक्की झाली. क्लेम्सन जिंकलं की लोक म्हणायचे, समोर होतं कोण? आणि बाकीच्यांपैकी कोणी दहा सामने जिंकले तर म्हणायचे, क्लेम्सनशी गाठ पडली तेव्हा काय झालं ते बघा. एकाच उंच झाडाखाली बाकीची रोपं खुरटतात, तसला प्रकार.

आता एसईसीकडे बघा. २००६ ते २०१२ सलग सात राष्ट्रीय विजेतेपदं त्यांची. पण ती एका संघाची नव्हती: फ्लोरिडा, लुइझियाना स्टेट, अलाबामा, ऑबर्न अशी चार नावं आहेत त्यात. बिग टेनची गेली तीन विजेतेपदं घ्या: मिशिगन, ओहायो स्टेट आणि आता इंडियाना. तीन वर्षं, तीन विद्यापीठं. कॉन्फरन्सची पत अशी तयार होते. तिथे कोणीही वर येऊ शकतं असं लोकांना वाटायला लागतं, मग पंधरावा संघसुद्धा त्या पतीवर जगतो.

इंडियानाचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. फुटबॉलमध्ये हरण्याचे विक्रम नावावर असलेलं हे विद्यापीठ दोन वर्षांत १६-०, म्हणजे सोळा विजय आणि एकही पराभव नाही, असं कसं झालं? प्रशिक्षक कर्ट सिग्नेटीचं कर्तृत्व मोठंच, ते कोण नाकारेल. पण चांगला माणूस आणायला, त्याला टिकवायला आणि त्याने मागितलेले खेळाडू घ्यायला लागणारा पैसा बिग टेनच्या वाट्यातून आधीच तिजोरीत होता. म्हणजे इंडियानाने बिग टेनला वर काढलं नाही. बिग टेनने इंडियानाला वर यायची सोय करून ठेवली होती. 'एक संघ कॉन्फरन्सला वर नेईल' हा विचार तिथे उलटा लागू पडतो.

आणखी एक बोचरी गोष्ट. फायनलमध्ये मायामीला हरवणारा क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा, त्या वर्षीच्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणाऱ्या हाइजमन ट्रॉफीचा मानकरी, मूळचा मायामीचा पोरगा. क्रिस्टोबाल ज्या शाळेत शिकला त्याच शाळेतला. आणि २०२४ मध्ये तो खेळत होता कॅलिफोर्नियाकडून, म्हणजे एसीसीतच! आपल्याच अंगणातलं पोर शेजाऱ्याकडे गेलं आणि तिथून येऊन आपल्याला हरवून गेलं.

तरीही मी असं म्हणणार नाही की मायामीच्या यशाचा एसीसीला काही उपयोग नाही. उपयोग आहे, पण लोक समजतात त्या जागी नाही.

पैशाचंच घ्या. प्लेऑफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बारा संघांच्या बाद फेरीत, निवड झाली की ४० लाख डॉलर, उपांत्यपूर्व फेरीला आणखी ४० लाख, उपांत्य फेरीला ६० लाख, फायनलला ६० लाख. मायामीच्या खात्यात एकूण २ कोटी डॉलर. पूर्वी असा पैसा सगळ्यांत वाटला जायचा. एसीसीने २०२४ पासून नियम बदलला, जो जिंकेल त्याने ठेवायचा. बाकीच्या सोळा जणांना या पैशातून जवळपास काही नाही. यावर आमच्या भागात बरीच कुरकुर आहे. माझं मत वेगळं आहे: हा नियम बरोबर आहे. २०२५-२६ पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात आणि पहिल्या वर्षी त्याची मर्यादा होती सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. म्हणजे एका जानेवारीत मायामीने वर्षभराच्या पगाराची तजवीज केली. तेच पैसे सतरा ठिकाणी वाटले असते तर प्रत्येकाच्या वाट्याला बारा लाखही आले नसते आणि त्यातून कोणाचाही एक धड क्वार्टरबॅक आला नसता. शिवाय मायामीने दुसरीकडे बघायला सुरुवात केली असती ते वेगळंच.

खरा उपयोग आहे तो मापाचा. या खेळात वेगवेगळ्या कॉन्फरन्सचे संघ आपापसात फार कमी खेळतात. ऑगस्ट-सप्टेंबरात दोन-तीन सामने, की पुढे सगळं घरातल्या घरात. त्यामुळे सप्टेंबरात ज्या कॉन्फरन्सची पत ठरते ती नोव्हेंबरपर्यंत तशीच फिरत राहते. एसईसीत दोन तगडे संघ एकमेकांना हरवतात तेव्हा समालोचक म्हणतात, काय कॉन्फरन्स आहे, रोजचीच लढाई! एसीसीत तेच झालं की म्हणतात, कोणातच दम नाही. २०२५च्या मोसमात मायामी एसीसीतल्याच दोघांकडून हरली: ऑक्टोबरात लुईव्हिलकडून २४-२१ आणि १ नोव्हेंबरला डॅलसच्या एसएमयू विद्यापीठाकडून जादा वेळेत २६-२०ने. त्या दोन दिवसांत लुईव्हिल आणि एसएमयूचं कौतुक कोणी केलं? 'मायामीचा फुगा फुटला' एवढंच ऐकू आलं.

मग डिसेंबर-जानेवारीत त्याच मायामीने टेक्सस ए अँड एमला त्यांच्या घरी १०-३ने हरवलं, आदल्या वर्षीच्या विजेत्या ओहायो स्टेटला २४-१४ने, मिसिसिपीला ३१-२७ने. फायनल सहा गुणांनी गेली. आता मागे वळून बघा: लुईव्हिलने कोणाला हरवलं होतं? एसएमयूने कोणाला? तीन महिने उशिरा का होईना, त्या विजयांची किंमत वाढली. परक्या बाजारात मायामीचं वजन झालं आणि त्या वजनावर घरातल्या बाकीच्यांचं वजन सांगता यायला लागलं. एक संघ कॉन्फरन्ससाठी काही करू शकतो तर ते हे. क्लेम्सनच्या काळात हे जमलं नाही, कारण क्लेम्सनला घरात फारसं कोणी हरवतच नव्हतं. विचित्र वाटेल, पण मायामीचे ते दोन पराभव एसीसीच्या जास्त कामाचे आहेत.

फक्त हे भांडवल वापरायची अक्कल हवी. आणि इथे कॉन्फरन्सच्या कारभाऱ्यांना चार शब्द सुनवावेच लागतील. २०२५च्या मोसमात व्हर्जिनिया ७-१ने पहिली आली. दुसऱ्या जागेसाठी ६-२ असे पाच संघ बरोबरीत: मायामी, जॉर्जिया टेक, पिट्सबर्ग, एसएमयू आणि ड्यूक. नियमावलीतली कलमं लावत लावत गाडी पोचली प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांच्या टक्केवारीवर आणि शार्लटच्या अंतिम सामन्यात गेलं कोण, तर एकूण पाच सामने हरलेलं ड्यूक. आमच्या घरापासून अर्ध्या तासावरचं विद्यापीठ, माझा काही राग नाही. ड्यूकने जादा वेळेत व्हर्जिनियाला २७-२०ने हरवून रीतसर ट्रॉफी उचलली. पण त्या मोसमात प्लेऑफमध्ये थेट प्रवेश होता तो मानांकनात सर्वांत वरच्या पाच कॉन्फरन्स विजेत्यांना. टुलेन आणि जेम्स मॅडिसन या छोट्या कॉन्फरन्सच्या विजेत्यांना ड्यूकच्या वर मानांकन होतं. एसीसीचा विजेता बाहेर! मायामी आत गेली ती निवड समितीच्या मर्जीने, ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी नोत्र दामला २७-२४ने हरवल्याच्या पुण्याईवर. ती पुण्याई नसती तर चारातली एक मोठी कॉन्फरन्स म्हणवणाऱ्यांचा एकही संघ बारांत नसता. आपला सर्वांत चांगला संघ आपल्याच अंतिम सामन्यात पोचू नये असे नियम करून ठेवायचे आणि मग मान मिळत नाही म्हणून रडायचं. वर नोत्र दाम नाराज झालं ते वेगळं. ते बाकीच्या बहुतेक खेळांत एसीसीचं सभासद, फुटबॉलमध्ये दरवर्षी पाचेक सामने एसीसीशी खेळणारं. मायामीची तळी उचलताना कॉन्फरन्सने आपल्याला खाली ओढलं, असं त्यांनी उघड बोलून दाखवलं.

आता ते साल. एसीसी सोडायचा दंड २०३०-३१ला साडेसात कोटींवर येऊन थांबतो. बिग टेनचा टीव्ही करार २०२९-३०ला संपतो. प्लेऑफच्या पैशाची वाटणीही ठरलेली आहे: २०२६च्या मोसमापासून बिग टेन आणि एसईसीला प्रत्येकी २९ टक्क्यांच्या आसपास, एसीसीला १७, बिग ट्वेल्व्हला १५. हा करार २०३१-३२ पर्यंत. म्हणजे मायामी उद्या सलग दोनदा जिंकली तरी १७चे २९ लगेच होणार नाहीत. मोठे सगळे सौदे पुन्हा मांडले जातील ते २०३०च्या आगेमागे. तोवर मायामी एकटीच वर असेल, तर त्या टेबलावर एसीसी नाही, मायामी बसलेली असेल. आणि दार उघडून बाहेर जाणं तेव्हा सर्वांत स्वस्त.

हे होतं, हे सगळ्यांनी पाहिलंय. बॉयझी स्टेटने १ जानेवारी २००७ला ओक्लाहोमाला ४३-४२ने हरवलं. हाताने चेंडू पाठीमागे सरकवायच्या त्या शेवटच्या युक्तीचं चित्रण अजूनही दर जानेवारीला कोणी ना कोणी पाठवतं. त्यांची कॉन्फरन्स होती डब्ल्यूएसी. २०११ला बॉयझी निघून गेलं, २०१२नंतर डब्ल्यूएसीने फुटबॉलच बंद केला. वॉशिंग्टनने २०२३ मध्ये पश्चिमेकडची आपली पॅक-ट्वेल्व्ह कॉन्फरन्स जिंकली, टेक्ससला हरवून राष्ट्रीय फायनल गाठली. पण ऑगस्टातच त्यांनी बिग टेनची वाट धरल्याचं जाहीर केलं होतं. शंभरी ओलांडलेल्या त्या कॉन्फरन्सचा तो अलीकडचा सर्वांत चांगला मोसम आणि जुन्या रूपातला तोच शेवटचा. आणि खुद्द मायामी? ती १९९१ पासून बिग ईस्टमध्ये होती. तिने तिथे राष्ट्रीय विजेतेपद आणलं, २००४ला एसीसीत आली आणि दहा वर्षांच्या आत बिग ईस्टचा फुटबॉल संपला. तेव्हा वर आलेल्या संघाला ओढून आणणारे आपणच होतो, हे एसीसीवाल्यांनी विसरू नये.

म्हणून मला मायामीपेक्षा लुईव्हिल, एसएमयू, जॉर्जिया टेक, व्हर्जिनिया यांच्याकडे बघावंसं वाटतं. एसएमयूने तर नऊ वर्षं टीव्हीचा पैसा न घेण्याच्या बोलीवर प्रवेश मिळवला आणि पहिल्याच वर्षी प्लेऑफ गाठली. ही भूक मोलाची आहे. यांच्यापैकी दोघं जरी पुढच्या तीन-चार वर्षांत बाहेरच्या मोठ्या संघांना हरवायला लागले, तर मायामीचं माप खरं ठरेल. फ्लोरिडा स्टेटसारखं झालं तर काय, हेही दिसतंय: २०२३ला १३-१, २०२४ला २-१०, २०२५च्या पहिल्याच सामन्यात अलाबामाला ३१-१७ने पाडलं आणि मोसम संपला ५-७वर. असल्या हेलकाव्यांवर कोणाची पत उभी राहत नाही.

त्या रात्री सामना संपल्यावर शेजारी घरी निघाला. तो क्लेम्सनचा माजी विद्यार्थी, मूळचा साउथ कॅरोलायनाचा, आमच्याकडच्या तिळाच्या वड्यांचा भक्त. एसईसीवाले आपल्यातला कोणी जिंकला की स्टेडियमभर 'एस-ई-सी, एस-ई-सी' ओरडतात, मग तो संघ त्यांचा हाडवैरी का असेना. मी त्याला विचारलं, मायामी हरल्याचं वाईट वाटलं का? त्याने जोडे घालता घालता जरा विचार केला. "नाही वाटलं," म्हणाला. मग दाराशी थांबून बोटं मोजली, सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, तीस, आणि दोन वड्या कागदात गुंडाळून मागितल्या.